कुसुमशिखरचे सर्जेराव शेठ

सर्जेराव शेठ ‘विकला गेला नाही’ असं कधी म्हणाले नाहीत. ते ‘ठेवलाय’ म्हणायचे. आमच्या कुसुमशिखर इमारतीतले वीस फ्लॅट बांधून झाले, त्यातले नऊ गेले आणि अकरा तसेच कुलपात राहिले, तेव्हाही कुणी विचारलं तर ते शर्टाची बाही सारखी करत सांगायचे, "अकरा ठेवल्यात." ऐकणाऱ्याला वाटावं, गिऱ्हाइकं दारात उभी आहेत आणि शेठच त्यांना थोपवून धरतायत.

मी साताऱ्यातल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. चुकीचं क्रियापद कानावर आलं की माझा हात लाल पेनाकडं जातो. पण सर्जेरावांचं हे क्रियापद मी कधी खोडलं नाही. खरं सांगायचं तर ते टिकवण्यात माझाही हात होता.

साताऱ्याहून कोरेगावकडं जाणाऱ्या रस्त्याला, गाव संपलं असं वाटतं त्याच्याही थोडं पुढं, कुसुमशिखर उभी आहे. पाच मजले. कुसुम हे सर्जेरावांच्या बायकोचं नाव आणि शिखर हे त्यांच्या मनातलं. मूळचे ते कोरेगावचे. तिथं त्यांचं पंप आणि पाइपांचं दुकान होतं. जमिनींचे भाव वर जायला लागले तेव्हा सगळ्या जिल्ह्यालाच एकदम बांधकाम कळायला लागलं, तसं सर्जेरावांनाही कळलं. दुकान भावाला दिलं, पांढरे लिननचे शर्ट शिवले, आणि लोक त्यांना शेठ म्हणायला लागले.

त्यांना एक खोड होती. कुठंही गेले की बोटांच्या पेरांनी भिंत ठोकायची आणि कान लावायचा. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये. आमच्या शाळेत बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून आले, तर व्यासपीठावर येता येता त्यांनी भिंत ठोकली आणि मुख्याध्यापिकेच्या कानात सांगितलं, "हितं पोकळ हाय." पुढचा सगळा समारंभ बाई भिंतीपासून हातभर सरकून बसल्या होत्या.

आम्ही फ्लॅट बघायला गेलो तेव्हा माझे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त व्हायचे होते. शेठनी आम्हाला पहिल्या मजल्यावरचा सॅम्पल फ्लॅट दाखवला. एकशे एक. आत जायच्या आधी त्यांनी पाय धुतले, देवळात जावं तसे. आत सोफा होता, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर. टेबलावर प्लॅस्टिकची सफरचंदं. कपाटातली पुस्तकं ओढून बघितली तर नुसते पुठ्ठ्याचे कणे एकमेकांना चिकटवलेले. टीव्हीसुद्धा पुठ्ठ्याचा. कुसुमवहिनी दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "बसा ना वहिनी." त्या म्हणाल्या, "न्हाई, आमी न्हाई बसत हितं. गिऱ्हाइकासाठी हाय."

मी मराठीची शिक्षिका म्हटल्यावर शेठचे डोळे चमकले. फ्लॅटचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच त्यांनी मला काम सांगितलं. "बाई, माहितीपत्रक काढायचंय. पानभर मराठी लागंल, चांगलं."

मी घरी येऊन पान लिहिलं. ‘शहरापासून चार किलोमीटरवर’ असं त्यात होतं. शेठनी ते वाचलं आणि मान हलवली.

"किलोमीटर नगं. ‘हाकेच्या अंतरावर’ लिवा."

"अहो, हाक चार किलोमीटर जाते का?"

"हाक कोण मारतंय त्याच्यावर हाय, बाई."

मग ‘प्रत्येक घरातून अजिंक्यताऱ्याचं दर्शन’ असंही घातलं. आमच्या घरातून ते होतं, नाही असं नाही. बाथरूमच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकलं आणि मान डावीकडं वळवली की किल्ल्याचा एक कोपरा दिसतो. यजमानांनी राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते करून पाहिलं आणि कंबर धरली. मी शेकायला पाणी ठेवलं. वाक्य माझंच होतं.

शेजारच्या बी विंगचे दोन स्लॅब घालून झाले होते आणि सी विंग बोर्डावर रंगवलेली होती, झाडं आणि कारंज्यासकट. तीन विंग, साठ कुटुंबं, असा हिशोब. त्या भरवशावर हणमंत नावाच्या माणसानं खाली किराण्याचं दुकान काढलं आणि साठ कुटुंबांचा माल भरला.

आणि मग मंदी आली. ती आली असं कुणी सांगितलं नाही. आधी सकाळचा काँक्रीट मिक्सरचा आवाज बंद झाला. पहिल्या दिवशी बरं वाटलं, शांत झोप लागली. चौथ्या दिवशी यजमान म्हणाले, "हे बरं लक्षण नाही." मग पत्र्याच्या शेडमधली फरशी बसवणारी माणसं गाठोडी बांधून गेली. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं आधी दूध कमी केलं, मग बाकडं आत घेतलं. आमच्या शाळेतले खेळाचे सर फावल्या वेळात प्लॉट आणि फ्लॅट दाखवायचे. तेजीच्या काळात ते मैदानावर फोन कानाला लावून उभे असायचे आणि मुली आपापल्या सावलीला बसायच्या. फोन वाजायचा थांबला तसे सर मुलींना पळवायला लागले. त्या वर्षी आमचा खो-खोचा संघ जिल्ह्यात पहिला आला. मंदीचा माझ्या माहितीतला हा एकमेव फायदा.

हणमंतकडं साठ घरांचा माल आणि खाणारी घरं नऊ. तो आमच्या खाण्यावर लक्ष ठेवायला लागला. "बाई, ह्या महिन्यात साखर कमी नेली तुमी." मी ओशाळून अर्धा किलो जास्त घ्यायची. साबुदाण्याची तारीख जवळ आली की तो प्रत्येकाला जिन्यात गाठायचा. त्या वर्षी कुसुमशिखरमधल्या नऊ घरांनी जेवढे उपास केले तेवढे आमच्या आधीच्या तीन पिढ्यांनी केले नसतील.

सर्जेराव मात्र सांगायचे, "मार्केट जरा बसलंय. दमलं की बसतंयच की माणूस." रोज सकाळी दहाला ते गाडीतून यायचे, बोर्ड पुसून घ्यायचे. बोर्डावर ‘मोजकेच फ्लॅट शिल्लक’ असं होतं. तेही मीच लिहिलेलं. मोजता येतात ते मोजके, अशी मी माझी समजूत घातली होती.

त्यांना एकदा कुणीतरी सांगितलं की रिकामी इमारत बघून गिऱ्हाईक बिचकतं. दुसऱ्या दिवशीपासून कुसुमवहिनी कोरेगावहून गाठोडं घेऊन यायला लागल्या आणि रिकाम्या अकरा फ्लॅटच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत घालायला लागल्या. लुगडी, धोतरं, शर्ट. खरंच भरल्यासारखी दिसायला लागली इमारत. फक्त दोनशे चारमधली निळी साडी गुरुवारी चारशे एकमध्ये दिसायची, हे खालच्या बायकांच्या लक्षात आलं होतं. कुणी बोललं नाही. वहिनी अकरा घरांची धुणी एकटीनं वाळवत होत्या, त्यांना काय बोलायचं. पुढं शेठना वाटलं की नुसती मोठी माणसं बरी दिसत नाहीत. मग दोनशे चारच्या दोरीवर झबली आणि दुपटी आली.

चार दिवसांनी आरोग्य केंद्राची सिस्टर वही घेऊन जिना चढली. पोलिओच्या डोसासाठी घरोघर फिरत होती. दोनशे चारला कुलूप. तिनं वहीत लिहिलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली, कुलूप. तिसऱ्या दिवशी शेठ खाली पार्किंगमध्ये सापडले.

"दोनशे चारमधलं बाळ कुठंय? डोस चुकलाय."

शेठनी वर दोरीकडं पाहिलं. दोन गिऱ्हाइकं नेमकी त्या वेळी त्यांच्या शेजारी उभी होती. "मामाच्या गावाला गेलंय," ते म्हणाले.

"कुठलं गाव?"

"लोणंद."

"लोणंदला कुठं? नाव सांगा, तिथल्या सिस्टरला कळवते. मुलगा का मुलगी?"

शेठनी खिशातून रुमाल काढून कपाळ टिपलं. गिऱ्हाइकं दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. सिस्टर लहान चणीची होती, पण उभी अशी होती की डोस दिल्याशिवाय हलणार नाही.

"आवं शेठ, बाळ नसंल तर नाही म्हणा," ती शेवटी म्हणाली. "मी खाडाखोड करते. मला वर उत्तर द्यायला लागतं."

सर्जेरावांनी रुमालाची घडी घातली. मग हळू म्हणाले, "बाळ हाय वो. अजून यायचंय."

सिस्टरनं वही मिटली. गिऱ्हाइकंही गेली. त्या दुपारी वहिनींनी झबली काढली, बाकीचे कपडे तसेच ठेवले.

ही सगळी गंमत म्हणून आम्ही जिन्यात बोलायचो. बी विंगचं मात्र कुणी बोलत नव्हतं. दोन स्लॅब, उघडे खांब आणि वर निघालेल्या गंजक्या सळया. तिथं फ्लॅट घेतलेली माणसं होती. आमच्या खिडकीतून ती इमारत दिसायची म्हणून आम्ही त्या बाजूचा पडदा ओढून ठेवायचो. असं न बघण्यात आम्ही सगळेच तरबेज झालो होतो.

मे महिन्यात एका सकाळी नऊच्या सुमारास फाटकाशी टेम्पो थांबला. टेम्पोत दोन लोखंडी ट्रंका, बिछाने, भांडी, तुळशीचा डबा आणि एक शेळी. पुढून एक ताठ माणूस उतरला, मिशा पिळलेल्या, पायात पॉलिश केलेले बूट. माण तालुक्यातले, दहिवडीच्या बाजूचे सुभेदार ज्ञानदेव. फौजेतून निवृत्त झाल्यावर हाती आलं ते सगळं त्यांनी बी एकशे चारमध्ये घातलं होतं. बरोबर बायको हिराबाई. गावाकडच्या घरात भावाची मुलं राहायला आली होती आणि तिथलं त्यांचं बिऱ्हाड उठलं होतं.

शेठ दहाला आले तेव्हा सुभेदार फाटकात उभे होते.

"जय हिंद शेठ. आज तारीख."

"कसली?"

"ताब्याची. करारात लिवलीया." त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून दाखवला.

"व्हय, पण सुभेदार, मार्केट जरा थंड हाय. तुमी एक फोन करून..."

"थंडीत मी सोळा वर्षं काढली, बर्फात. थंडीचं मला नका सांगू. फ्लॅट दावा."

दाखवायला काही नव्हतं. सुभेदारांनी नकाशा उलगडला, खांब मोजले आणि कठडा नसलेल्या जिन्यानं वर चढले. मागून हिराबाई, त्यांच्या मागून शेळी. पहिल्या स्लॅबवर त्यांनी पावलांनी जागा मापली. "ह्यो हॉल. हितं किचन." हिराबाईंनी किचनच्या जागी तीन विटा मांडल्या. मग त्यांनी विचारलं, "न्हाणी कुठं?" सुभेदारांनी नकाशा बघितला, समोर बघितलं. "तिकडं जाऊ नगंस," ते म्हणाले, "तिथं स्लॅब संपतोय."

त्यांनी चार खांबांना आडोशाला ताडपत्री बांधली आणि खाली ट्रंक ठेवून त्यावर बसले. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. खाली माणसं जमली. रस्त्यानं जाणाऱ्या मोटारसायकली थांबायला लागल्या. शेठ दोनदा वर जाऊन हात जोडून आले. सुभेदार एवढंच म्हणाले, "मी माज्या घरात बसलोय."

उन्हाचा कडाका वाढत चालला. शेठ एका खांबापाशी उभे राहून पेरांनी तो ठोकत होते, पुन्हा पुन्हा, कान न लावता. मला वाटतं, काय करायचं ते न सुचून त्यांचा हात आपला चालला होता.

एवढ्यात कुसुमवहिनी आल्या, रोजच्यासारख्या कपड्यांचं गाठोडं घेऊन. त्यांनी वर बघितलं. गाठोडं जमिनीवर ठेवलं, माझ्याकडून पाण्याचा तांब्या मागून घेतला आणि बी विंगचा जिना चढल्या. पाच मिनिटांनी खाली येऊन नवऱ्यापुढं हात केला.

"किल्ली द्या."

"कशाची?"

"एकशे एकची."

"आगं, तो नमुना हाय."

"नमुन्याला भिंती हायत का न्हाई?"

"अन् गिऱ्हाईक आलं तर त्याला काय दावू?"

"माणसं दावा. घरात माणसं ऱ्हात्यात ते तरी कळंल."

एवढ्या माणसांत त्या नवऱ्याशी अशा बोलल्याचं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि शेठच्या तोंडावरून दिसत होतं की त्यांनीही. त्यांनी किल्ली दिली. वहिनींनी हिराबाईंना हाताला धरून आणलं, दार उघडलं आणि आत जाऊन आधी स्वतः सोफ्यावर बसल्या. क्षणभर बसून उठल्या. "टोचतोय," एवढंच म्हणाल्या.

तर असे सुभेदार आमच्या समोरच्या दारात राहायला आले. शेळीनं दोन दिवसांत गॅलरीतलं प्लॅस्टिकचं गवत कुरतडलं. पुठ्ठ्याच्या टीव्हीवर हिराबाईंनी देव मांडले. आणि फ्लॅट बघायला कुणी आलं की सुभेदार बूट घालून त्यांना घर दाखवायचे. त्यांना ते कर्तव्य वाटायचं.

"पाणी सकाळी सात ते आठ. मग टाकीचं. ह्या भिंतीला पावसाळ्यात ओल येतीया म्हणत्यात शेजारचे. बाथरूमच्या खिडकीतनं किल्ला दिसतो, पर वाकू नका. समोरच्या बाई चांगल्या हायत, पर चुका काढत्यात."

शेठ मागं उभे राहून डोळे मिटून घ्यायचे. एकदा लोणंदचं एक जोडपं आलं होतं, नवरा एसटीत वाहक. सुभेदारांनी त्यांना अर्धा तास इमारतीतले दोष दाखवले. कुठली फरशी वाजते, कुठला नळ गळतो, लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडते. शेठ घामाघूम. शेवटी वाहकाची बायको म्हणाली, "घेऊ आपण हे." शेठना खरं वाटेना. "का वो ताई?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "आजवर बारा घरं बघितली. सगळीकडं सगळं चांगलंच होतं. हितं काय वाईट हाय ते कळलं. तेवढं चालंल आमाला."

त्या संध्याकाळी शेठ आमच्याकडं आले. चहा घेतला, भिंत ठोकली नाही. "बाई, बोर्ड नवा करायचाय," म्हणाले. "सरळ लिवा. लय साहित्य नगं."

मी लिहिलं. ‘दहा फ्लॅट रिकामे आहेत. पहिल्यापेक्षा कमी किमतीत द्यायचे आहेत. बी विंग अर्धवट आहे. बघून ठरवा.’

त्यांनी दोनदा वाचलं. बोट ‘रिकामे’वर थांबलं. "ह्यो शब्द लय दिस तोंडात यीत न्हवता," ते म्हणाले. कागद घेऊन गेले. दाराशी थांबून म्हणाले, "आक्षर मोठं काढून घेतो. रस्त्यावरनं वाचता आलं पायजे."

सोमवारी बोर्ड लागला. गुरुवारी आम्ही नऊ घरवाल्यांनी पार्किंगमध्ये सभा घेतली.

इथं मला आमच्याबद्दल सांगायला हवं. सांगलीत माझा धाकटा भाऊ हळदीच्या व्यापारात आहे. त्यानंही तिकडं फ्लॅट घेतला होता. दर रविवारी तो आणि माझे यजमान फोनवर बोलायचे आणि दर रविवारी दोघांच्या फ्लॅटचा भाव थोडा थोडा वाढायचा. यजमान साताऱ्याचा सांगायचे, भाऊ सांगलीचा. दोघांच्याही दारात गिऱ्हाईक कधी आलेलं नव्हतं. दोन्ही गावांत मिळून घरं विकली जात नव्हती त्या काळात फोनवरचा आमचा भाव सगळ्यात वर गेला होता. सभेला आलेल्या प्रत्येकाचा असा कुणीतरी भाऊ, साडू, व्याही होता. आणि आता रस्त्यावर, वाचता येईल अशा अक्षरात, ‘कमी किमतीत’ असं लिहिलेलं होतं.

बोर्ड काढून घ्यावा असा अर्ज करायचं ठरलं. लिहायला अर्थातच मला सांगितलं. मी लिहिला. ‘सदर मजकुरामुळे इमारतीच्या लौकिकास बाधा येत असून’ असं त्यात होतं. सगळ्यांनी सह्या केल्या, माझी तिसरी.

शेठ आले तेव्हा पार्किंगमध्येच अर्ज त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी उभ्या उभ्या तो वाचला. घाई केली नाही.

"बाई, अर्ज चांगला लिवलाय," ते म्हणाले. "शुद्धलेखनाची चूक न्हाई एक बी. बोर्ड बी तुमीच लिवला हुता."

मी फरशीकडं बघत राहिले. सुभेदार भिंतीला टेकून उभे होते. त्यांची सही नव्हती. त्यांनी विचारलं, "बोर्डावर खोटं काय लिवलंय?"

शेवटी माझे यजमान म्हणाले, "खोटं असं नाही. पण लिहायची काय गरज?"

"बरं," सर्जेराव म्हणाले. "बोर्ड काढतो. तुमी भावाला सांगताय त्या भावात दहातला एक फ्लॅट ह्यातल्या कुणी बी घ्या. लगीच काढतो."

पार्किंगमध्ये नऊ माणसं, आणि प्रत्येकाला एकदम घरातलं काही ना काही काम आठवलं. दुकानाच्या फळीवरून हणमंत म्हणाला, "साखर घ्यायला येत न्हाईत शेठ, फ्लॅट कुठला घेत्यात." शेठनी अर्जाची घडी घातली, खिशात ठेवली आणि बोर्डाकडं न बघता गाडीत बसले. बोर्ड राहिला.

त्यानंतर आम्ही काही महिने त्यांच्याशी नीट बोललो नाही. जिन्यात भेटले तर मान हलवायची, तेवढंच. मीही तशीच वागले. माझ्याकडून चूक झाली हे मला त्याच दिवशी कळलं होतं, पण यजमानांसमोर ते कबूल करणं मला जड जात होतं. ज्याला आम्ही इतकी वर्षं खोटारडा म्हणून जिन्यात हसलो, तो खरं बोलायला लागल्यावर आम्हाला तो परवडेना.

रिकामी घरं हळूहळू भरली. दुधाची डेअरी चालवणारे आले, तलाठी आले, माणमधली मुंबईत कामाला असलेली दोन भावंडं आली. हणमंतनं साबुदाण्याचा आग्रह सोडला. दोनशे चारमध्ये खरंच तान्ही मुलगी आली आणि ती रात्रंदिवस रडून सगळ्या इमारतीला जागं ठेवायला लागली. यजमानांचे रविवारचे फोन आखूड झाले. आता ते आणि माझा भाऊ रक्तदाबाविषयी बोलतात. त्याचा मात्र दोघांनाही खरा आकडा सांगायची सवय आहे.

सी विंगची जागा सर्जेरावांनी विकून टाकली. तिथं आता लग्नाचं लॉन आहे आणि आम्ही आवाजाच्या तक्रारी करतो. आलेल्या पैशात त्यांनी बी विंगचे दोन मजले पुरे केले, वर पत्रा घातला. वरचे तीन मजले कागदावर होते, ते कागदावरच राहिले. गाडी गेली. शेठ कोरेगावहून एसटीनं यायला लागले, आणि गंमत अशी की त्याच सुमारास लोक त्यांना शेठ म्हणायचं विसरले. वॉचमनसुद्धा नुसतं सर्जेराव म्हणायचा. त्यांना ते खटकलं असेल तर दिसलं नाही. गवंडी कमी आणले होते, म्हणून ते स्वतः फरशीवर बसून सांधे भरायचे. लिननच्या शर्टावर सिमेंटचे डाग पडले तसे ते शर्ट रोजचेच झाले.

बी एकशे चारचा ताबा दिला त्या दिवशी आम्ही सगळे गेलो होतो. बोलत नव्हतो, तरी गेलो. हिराबाईंनी ओवाळायला ताट आणलं होतं. किल्ली द्यायच्या आधी सर्जेराव एकटे आत गेले. हॉल, किचन, न्हाणी. प्रत्येक भिंत पेरांनी ठोकली, कान लावला. आम्ही दाराबाहेर ताटकळत उभे. सुभेदार म्हणाले, "काय म्हणतीया भिंत?"

"भरीव हाय," सर्जेराव म्हणाले आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. सुभेदारांनी सलाम केला. सर्जेरावांना उलट काय करायचं ते कळेना. त्यांनी आधी हात जोडले, मग कपाळाला लावले, मग खाली बघून नाक पुसलं. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर ती दोघं कुसुमशिखरला आली नाहीत.

गेल्या माघात एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी जेवायला म्हणून मी कोरेगावला गेले होते. परतताना स्टँडकडं जाणाऱ्या बोळात एक लहानसं घरकाम चाललेलं दिसलं. दोन खोल्या, पुढं पडवी. पडवीच्या पायरीशी एक माणूस गुडघ्यावर बसला होता, बनियन घातलेला, हातात थापी. शेजारी लुगड्याचा ओचा खोचलेली एक म्हातारी उभी होती.

"चढा बरं मावशी," सर्जेराव तिला म्हणत होते.

म्हातारीनं पाय उचलला, दाराची चौकट धरली आणि कण्हत वर गेली. "उंच हाय रं बाबा. गुडघा ऐकत न्हाई."

"उतरा. उतरताना कसं वाटतंय?"

"उतरताना लयच."

त्यांनी मला बघितलं. ओळखीचं हसले, पण उठले नाहीत. "बाई, पाच मिन्टं. ह्यास्नी रोज चढायचंय."

मी म्हटलं, "चालू द्या." एसटीची वेळ झाली होती, तरी थांबले. त्यांनी म्हातारीच्या पावलाशेजारी आपला तळहात उभा धरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत उंची मापली, आणि ओल्या सिमेंटवर विटकरीच्या तुकड्यानं रेघ मारली. मग थापी उलटी धरून सकाळीच बांधलेली ती पायरी फोडायला सुरुवात केली. म्हातारी चौकटीला टेकून बघत होती.

"आवं, चांगली हुती की," ती म्हणाली. "कशाला मोडताय?"

"चार बोटं खाली घेतो," ते मान वर न करता म्हणाले. "मग परत चढून बगा."